दुहेरी प्रणालीच्या संगणकातील विभाजनदोष

एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याच्या पद्धतीस दुहेरी आरंभ किंवा प्रचलित भाषेत 'ड्युअल बूट' असे म्हणतात. या जोडीत बहुधा एकीकडे विंडोज आणि दुसरीकडे उबुंटू, फेडोरा यांसारखे लिनक्सचे एखादे वितरण असते. हार्ड डिस्कचे विभाग पाडून प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र जागा दिली जाते. दोघी एकाच डिस्कवर नांदत असल्या, तरी एकीने केलेली मांडणी दुसरीला उमगतेच असे नाही, आणि विभाजनाशी संबंधित बहुतेक बिघाड यातूनच उद्भवतात. अशा बिघाडात साठवलेली माहिती सहसा शाबूत असते. ती नष्ट होते ती घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे.

विभाजन कोष्टक

कोणता विभाग डिस्कवर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद एका लहानशा कोष्टकात असते. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून ग्रंथातील प्रकरणे नाहीशी होत नाहीत. तसेच कोष्टक बिघडले तरी विभागांतील मजकूर जागच्या जागी राहतो. मात्र त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, तर जुने परत मिळत नाही.

जुन्या मास्टर बूट रेकॉर्ड पद्धतीत हे कोष्टक डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात असते. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या संकेतासाठी, ६४ बाइट कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागत असल्यामुळे चारच प्राथमिक विभाग मावतात. संगणक विकत घेतानाच हे चारही विभाग वापरलेले असतील, तर रिकामी जागा असूनही लिनक्सला ती निरुपयोगी दिसते. अशा वेळी विंडोजच्या साधनाने पाचवा विभाग पाडू पाहिल्यास ते साधन संपूर्ण डिस्क 'डायनॅमिक' स्वरूपात बदलण्याची परवानगी मागते. ती देऊ नये. त्या स्वरूपातील डिस्कवर लिनक्स बसवणे अवघड होऊन बसते.

नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते व कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. त्यामुळे पहिली प्रत बिघडल्यास दुसरीवरून ती पुन्हा उभी करता येते. या पद्धतीत यूईएफआय प्रकारचा संगणक एका लहान आरंभ-विभागातून प्रणाली सुरू करतो. एक प्रणाली यूईएफआय पद्धतीने आणि दुसरी जुन्या बायोस पद्धतीने बसवली असेल, तर निवडीच्या यादीतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. हा दोष विभाजनाचा भासतो, परंतु तो बसवण्याच्या पद्धतीचा असतो.

नेहमी आढळणारे बिघाड

विंडोज पुन्हा बसवल्यावर लिनक्स 'गायब' होणे ही सर्वांत जुनी तक्रार आहे. जुन्या पद्धतीत विंडोज ४४६ बाइटांच्या जागेत स्वतःचा संकेत लिहिते. यूईएफआयमध्ये ती केवळ आरंभक्रमात स्वतःला पहिले स्थान देते. दुसऱ्या प्रकारात संगणकाच्या मांडणीत जाऊन क्रम बदलणे बहुधा पुरेसे असते. याउलट, लिनक्सच्या यादीत विंडोज दिसत नसेल, तर विंडोज पुसली गेली असे समजू नये. २०२१ मधील ग्रब २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा आपोआप शोध घेण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू करून यादी नव्याने तयार केली, की विंडोजचे नाव पुन्हा येते.

लिनक्स नको म्हणून विंडोजमधून तिचा विभाग पुसून टाकणारे पुष्कळ असतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताच काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरे दिसतात. ग्रबचा पहिला अंश त्या विभागाबाहेर असतो, पण उरलेला अंश पुसलेल्या विभागातच होता. विंडोज सुखरूप असते. यूईएफआयच्या यादीतून ती थेट निवडावी, किंवा जुन्या पद्धतीत विंडोजच्या मूळ पेनड्राइव्हवरून आरंभ-संकेत पुन्हा लिहावा.

लिनक्समधून विंडोजचा विभाग केवळ वाचता येणे व त्यावर लिहिता न येणे, हा दोष नसून सावधगिरी आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोज अर्धवट निद्रिस्त असते. अशा विभागावर बाहेरून लिहिल्यास फाइलींची नोंद बिघडू शकते. ही सोय बंद करणेच इष्ट. सक्तीने लिहिण्याचे मार्ग उपलब्ध असले, तरी ते वापरू नयेत.

सर्वांत घातक प्रसंग मात्र अगदी साध्या दिसणाऱ्या एका प्रश्नाचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागास विंडोजमध्ये अक्षर मिळाले असेल, तर तो विभाग उघडू पाहताच "वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल" अशा आशयाची सूचना येते. तिचा अर्थ एवढाच, की विंडोजला त्या विभागाची भाषा कळत नाही. येथे होकार देणे म्हणजे भरलेली वही कोरी समजून तिच्यावर लिहू लागणे होय. डिस्क एसएसडी असेल, तर पुसलेल्या जागेची खबर 'ट्रिम' आज्ञेद्वारे डिस्कला दिली जाते व माहिती परत मिळण्याची आशा जवळजवळ मावळते.

दुरुस्ती

डिस्कवर काहीही लिहिण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सुरू करून विभागांची यादी पाहावी व तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. माहिती मोलाची असल्यास संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. हरवलेला विभाग शोधण्यासाठी टेस्टडिस्क हे मुक्त साधन वापरतात. ते डिस्क चाळून विभागांच्या जुन्या सीमा दाखवते आणि सांगितल्याशिवाय कोष्टक लिहीत नाही. सापडलेल्या विभागातील फाइली आधी उघडून पाहाव्यात, मगच कोष्टक लिहावे.

विभागाचा आकार बदलायचा झाल्यास विंडोजचा विभाग विंडोजच्या साधनाने आणि लिनक्सचा विभाग, ती बंद असताना, जीपार्टेडने बदलावा. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क असेल, तर तिचे संरक्षण आधी तात्पुरते थांबवावे आणि ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली त्याच संगणकात न ठेवता कागदावर लिहून घ्यावी.