दोन खेळ्यांमधली ओळ

मार्च २०१६मध्ये सोलला गो या खेळाचा एक सामना झाला. अल्फागो या संगणकाच्या प्रणालीने ली सेडोल या खेळाडूला ४-१ असं हरवलं आणि जगभर तीच एक बातमी झाली. मला खरा घाव बसला तो दीड वर्षाने. ऑक्टोबर २०१७मध्ये अल्फागो झिरो आलं. पहिल्या अल्फागोला शिकवताना माणसांच्या डावांतल्या सुमारे ३ कोटी स्थिती दाखवल्या होत्या. झिरोला एकही दाखवली नाही. ते स्वतःशीच खेळून शिकलं आणि सोलमध्ये जिंकलेल्या आवृत्तीला त्याने १००-० अशी धूळ चारली. माणसांचे जुने डाव गोळा करण्यात माझी उमेदीची १० वर्षं गेली आहेत. ‘त्या डावांची आता गरज नाही,’ हे मी तेव्हापासून ऐकतेय. मला ते पटत नाही.

गोचा पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा. रेघा जिथे छेदतात अशा ३६१ जागांवर काळे-पांढरे खडे आळीपाळीने ठेवायचे. कागदावर त्या त्या जागी खेळीचा क्रमांक लिहिला की एका पानात अख्खा डाव मावतो. जपानी लोक या नोंदीला किफू म्हणतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातला असा संग्रह आहे. जपानात होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी ही चार घराणी शोगुनच्या किल्ल्यात खेळत, ते डावही टिकले. १८४६च्या एका डावात शुसाकूची १२७वी खेळी पडताच समोरच्या इनोउए गेनानचे कान लाल झाले, हे बघणाऱ्या एका वैद्याने टिपलं, अशी गोष्ट सांगतात. या शतकांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते १९९५ ते २००५ या १० वर्षांबद्दल.

पुण्यात जपानी शिकून मी १९९५मध्ये नोकरीसाठी तोक्योला गेले. कांदा भागात एक गोकाइशो होतं. बैठकीचे पैसे भरायचे आणि दिवसभर खेळायचं. तिथे कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षक बसत. सगळे त्यांना सेन्सेइ म्हणत, मीही म्हणायचे. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या वह्या होत्या. तिकडची वर्तमानपत्रं मोठ्या सामन्याचा डाव रोज थोड्या थोड्या खेळ्या देत, समालोचनासह, कित्येक दिवस छापतात. एका दिवसाचं कात्रण हरवलं की डावाला भोक पडतं. अशा एका भोकासाठी मी राष्ट्रीय संसद ग्रंथालयात तीन शनिवार मायक्रोफिल्म फिरवत बसले होते. सापडल्या त्या फक्त ८ खेळ्या. सेन्सेइंनी त्या वहीत उतरवल्या, काळ्याच्या काळ्या शाईने, पांढऱ्याच्या लाल शाईने, आणि खाली तारीख घातली.

माझं काम हे सगळं संगणकात घालायचं. एसजीएफ नावाची साधी मजकुराची पद्धत तोवर रुळली होती. पटाच्या दोन्ही बाजूंना ए ते एस ही अक्षरं, त्यामुळे वरच्या उजव्या कोपऱ्यातला ठळक बिंदू म्हणजे पी-डी. सेन्सेइ वाचायचे, मी टंकायचे. जुन्या लाकडी ठशांच्या पुस्तकांत आकडे चिनी लिपीत असत. एकला एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन. शाई पुसट झाली की तीनचा दोन होतो. पण काळ्याने सुरुवात केलेल्या डावात काळ्या खड्यावर सम आकडा येऊच शकत नाही, म्हणून चूक पकडता येते. तीनचा एक झाला तर मात्र रंग मदत करत नाही. मग एकाच आकड्याचे दोन खडे सापडतात आणि कुठला आकडा गायब आहे ते शोधत बसावं लागतं. एकेका पानाला पूर्ण संध्याकाळ जायची. त्या संध्याकाळींइतकं सुख मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालं नाही.

जगभर असे लोक होते. ब्रिटनमध्ये जॉन फेअरबेर्न आणि टी. मार्क हॉल यांनी हजारो डाव जमवून सीडीवर दिले. त्यांच्या कामाशेजारी आमचं काम चिमूटभर, तरी आमचंच.

सेन्सेइंच्या वहीत एक डाव वेगळ्या पानावर होता. होनिन्बो किताबाच्या लढतीतला दुसरा डाव, ४ ऑगस्ट १९४५ला सुरू झालेला, हाशिमोतो उतारो विरुद्ध इवामोतो काओरू. पहिला डाव हिरोशिमा शहरात झाला होता. धोका ओळखून पोलिसांनी मनाई केली म्हणून दुसरा शहराबाहेर इत्सुकाइचीला नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. काचा फुटल्या, पट विस्कटला. त्यांनी खोली आवरली, खडे पुन्हा मांडले आणि त्याच दिवशी डाव संपवला. पांढऱ्या बाजूने खेळणारा हाशिमोतो ५ गुणांनी जिंकला. किफूत यातलं काहीही दिसत नाही. एक आकडा, मग त्याच्या पुढचा आकडा.

मी खेळ्या टंकून झाल्याचं सांगितलं, तर सेन्सेइ म्हणाले, “जागा घाल. तारीख घाल. सव्वाआठला काय झालं तेही घाल.” एसजीएफमध्ये खेळीला टीप जोडता येते. मी ती जोडली. तेव्हापासून प्रत्येक डावाला आम्ही टीप दिली. डाव कुठे झाला, नोंद कुणाकडून मिळाली, कुठला आकडा शंकास्पद आहे, सगळं लिहिलं.

२००३मध्ये एका प्रकाशकाला आम्ही हा संग्रह विश्वासाने दिला. त्याने सीडी काढली आणि सगळ्या टिपा गाळल्या. गिऱ्हाइकाला खेळ्या हव्या असतात, बाकी अडगळ, असं त्याचं उत्तर. त्या बोडक्या प्रती पुढे सगळीकडे फिरल्या. सेन्सेइंचं नाव त्यांत कुठेच नाही. २००५मध्ये मी परतले, आणि दोन वर्षांनी सेन्सेइ गेल्याचं पत्र आलं.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याला माणसं लागली नाहीत, ठीक आहे. माणसांचे डाव माणसांतून सोलून काढले ते आमच्यातल्याच लोकांनी, आणि यंत्र यायच्या कितीतरी आधी. उरल्या नुसत्या खेळ्या, आणि खेळ्या यंत्र आपल्याहून चांगल्या करतं. आजची मुलं जुना डाव उघडतात ते प्रत्येक खेळीला जिंकायची टक्केवारी बघायला. होनिन्बोच्या लढतीचे डाव दोन-दोन दिवस चालायचे. २०२४पासून सातच्या जागी पाच डाव झाले, तेही एकेका दिवसाचे. बक्षीसही पार उतरलं. दोन माणसं इतका वेळ समोरासमोर का बसायची, याचा विसर पडला की असं होतं.

गेल्या वर्षापासून मी गाळलेल्या टिपा परत घालतेय. सेन्सेइंच्या वह्या त्यांच्या मुलीने मला पाठवल्या आहेत. काल इत्सुकाइचीच्या डावापर्यंत पोचले. खेळ्यांना हात लावला नाही. फक्त ओळ होती तशी परत लिहिली: ६ ऑगस्ट, सकाळी सव्वाआठ, डाव थांबला, खडे पुन्हा मांडले. त्याखाली नोंद देणाऱ्याचं नाव घातलं.