माळरानावरचे नगर

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा नदी वाहते. भोर तालुक्यातील डोंगरांत उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिच्या उत्तर तीरावर, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर वसलेले आहे. जुनी नगरे बहुधा किल्ल्याच्या आश्रयाने, देवस्थानाच्या भोवती किंवा व्यापारी मार्ग जेथे एकत्र येतात तेथे वाढलेली दिसतात. वालचंदनगरला यांपैकी काहीच लाभले नव्हते. शंभर वर्षांपूर्वी तेथे कळंब नावाचे खेडे आणि त्याच्या भोवती पसरलेले माळरान एवढेच होते. अशा ठिकाणी नगर उभे राहिले ते कशाच्या बळावर? आणि उभे राहिलेले नगर टिकून राहते ते कशाच्या बळावर? वालचंदनगरची हकीकत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते.

इंदापूर तालुका हा अवर्षणाचा मुलूख. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो आणि पूर्वेकडे येईपर्यंत त्यांतील पाणी सरून जाते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या भागाची दैना झाली. त्यानंतर भाटघर येथे धरण बांधण्यात आले व नीरेचा डावा कालवा काढण्यात आला. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या भूमीवरून कालव्याचे पाणी खेळू लागले. पुढे १९२७-२८ च्या सुमारास भाटघरचे नवे, अधिक उंच धरण पूर्ण झाले आणि पाण्याचा साठा वाढला. जेथे बाजरीचे पीकही बेभरवशाचे होते, तेथे आता बारमाही पाणी पिणारा ऊस उभा राहू शकत होता. नगराचा पहिला आधार तो हा, पाणी.

परंतु केवळ पाण्याने नगर होत नाही. त्या काळी हिंदुस्थानात खपणारी पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावा बेटातून येत असे. १९३२ साली सरकारने कायदा करून देशी साखर उद्योगाला संरक्षण दिले. परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि देशात साखर कारखाने झपाट्याने निघू लागले. ही संधी ज्यांनी ओळखली, त्यांत शेठ वालचंद हिराचंद हे प्रमुख होते. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद आरंभी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेत असत. १९१९ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया ही देशी जहाज कंपनी सुरू केली होती. आता त्यांचे लक्ष नीरेच्या काठाकडे वळले. कळंब व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेण्यात आल्या. माळ मोडून उसाचे मळे तयार झाले आणि १९३३-३४ च्या सुमारास साखरेचा कारखाना उभा राहिला. पुढे या वसाहतीला शेठ वालचंद यांचेच नाव मिळाले.

कारखाना पुण्यासारख्या मोठ्या शहरात का उभारला नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे उत्तर उसाच्या स्वभावात आहे. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखर वेळेगणिक घटू लागते; म्हणून तो शक्य तितक्या लवकर, साधारणपणे एका दिवसाच्या आत, गाळावा लागतो. शिवाय सुमारे दहा टन उसातून एक टन साखर निघते. दहा टनांचे ओझे दूर नेण्यापेक्षा एक टन साखर दूर नेणे केव्हाही स्वस्त पडते. रस काढून उरलेले चिपाड तेथेच बॉयलरमध्ये जाळले जाते आणि त्याच्याच वाफेवर कारखाना चालतो. म्हणून साखरेचा कारखाना उसाजवळ जातो. आणि कारखाना जेथे जातो, तेथे माणसे जातात.

कळंबच्या माळावर अशी माणसे चहूकडून आली. ऊसतोडणीसाठी मजुरांच्या टोळ्या आल्या. यंत्रे चालवण्यासाठी फिटर, लोहार व सुतार आले. हिशेबासाठी कारकून आणि रसाची परीक्षा करण्यासाठी रसायनतज्ज्ञ आले. त्यांना राहण्यास घरे हवी होती, पिण्यास पाणी हवे होते, मुलांना शाळा हवी होती, आजाऱ्यांना दवाखाना हवा होता. कंपनीने एकामागून एक या सोयी उभ्या केल्या आणि आखीव रस्त्यांची वसाहत आकाराला आली.

वसाहतीबरोबर बाजारपेठही वाढली. ती कशी वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. कामगाराच्या हाती पगार पडतो. त्यातून तो वाण्याकडून धान्य घेतो, कापडाच्या दुकानातून कापड घेतो आणि शिंप्याकडे शिवावयास टाकतो. वाणी त्याच पैशातून पिठाच्या गिरणीवाल्याचे, हमालाचे व गाडीवाल्याचे देणे भागवतो. शिंपी संध्याकाळी भाजी विकत घेतो. भाजीवाली जवळच्या खेड्यातून आलेली असते, तिच्याबरोबर तो पैसा त्या खेड्यात जातो. अशा रीतीने कारखान्यातून निघालेला एकच रुपया अनेक हातांतून फिरतो व प्रत्येक हाताला काम देतो. कारखान्यात ज्यांनी कधी पाऊलही टाकले नाही, अशा कितीतरी कुटुंबांची चूल कारखान्यावर पेटत असते. बाजारपेठ हे नगराचे हृदय होय. परंतु त्या हृदयात खेळणारे रक्त कारखान्यातून येते.

यातच अशा नगराचे दुबळेपणही दडलेले आहे. पगार वेळेवर झाला तर दुकाने गजबजतात. पगार लांबला, तर वाण्याच्या वहीत उधारी चढते. वाण्याची उधारी थकली, की त्याला माल देणारा व्यापारीही अडचणीत येतो. कारखान्याच्या वसाहतीत घर बहुधा नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबरच सुटते. ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली, ते घर निवृत्तीनंतर रिकामे करावे लागते. एका झाडाच्या सावलीत सारे गाव बसावे, तशी ही स्थिती असते. सावली गार खरी, पण झाडाला धक्का बसला तर सर्वांनाच ऊन लागते.

असे धक्के वालचंदनगरलाही बसले. स्वातंत्र्यानंतर जमीन कसणाऱ्याच्या हक्कांचा विचार सुरू झाला. १९६१ साली महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. खाजगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील मोठे मळे सरकारकडे गेले आणि ते कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. ज्या शेतकऱ्यांनी पूर्वी आपल्या जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकऱ्यांना आपली जमीन परत मिळावी यासाठी दीर्घकाळ लढा द्यावा लागला. कायद्यात बदल होऊन २०१२ च्या सुमारास जमिनी परत देण्याचे काम सुरू झाले, तेव्हा कित्येक ठिकाणी जमीन देणाऱ्यांची नातवंडे ती स्वीकारण्यास उभी होती. नगराच्या वाढीचे मोल कोणी कोणी दिले, हे सांगताना या शेतकऱ्यांना विसरता येणार नाही.

मळे हातून गेले. त्याच सुमारास महाराष्ट्रात शेतकऱ्यांचे सहकारी साखर कारखाने वाढत होते. वालचंदनगरपासून जवळच, भवानीनगर येथेही असा कारखाना निघाला. केवळ साखरेवर अवलंबून राहिले असते, तर या नगरावर उतरती कळा येण्यास वेळ लागला नसता. परंतु येथे एक गोष्ट मुळापासून रुजली होती. साखर कारखान्याची यंत्रे बिघडली तर ती दुरुस्त करण्यासाठी दूरच्या शहरावर विसंबून चालत नसे. म्हणून कारखान्याने स्वतःची यंत्रशाळा ठेवली होती. दुरुस्ती करता करता कारागिरांना यंत्राचा प्रत्येक भाग परिचयाचा झाला आणि मोडलेला भाग ओतून, कातून नवा बनवणे त्यांना साधू लागले. यातूनच पुढे यंत्रे बनवण्याचा उद्योग उभा राहिला. नव्या सहकारी कारखान्यांना यंत्रे हवी होती आणि ती वालचंदनगरात तयार होऊ लागली. जे कारखाने साखरेच्या धंद्यात प्रतिस्पर्धी ठरले असते, तेच यंत्रांच्या धंद्यात गिऱ्हाईक झाले.

या विद्येने पुढे आणखी मोठी झेप घेतली. सिमेंट कारखान्यांची यंत्रे, बॉयलर, मोठमोठे दंतचक्रसंच व अणुशक्ती केंद्रांसाठी लागणारी सामग्री येथे तयार होऊ लागली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी पोलादी कवचेही येथे बनू लागली. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ आकाशात झेपावले, तेव्हा त्याला उचलणाऱ्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंस जे प्रचंड घनइंधन टप्पे होते, त्यांच्या कवचांचे भाग वालचंदनगरात घडले होते. एका काळी उसाचा चरक दुरुस्त करणाऱ्या यंत्रशाळेची परंपरा अशी चंद्रापर्यंत पोहोचली.

नगराचा दुसरा आधार होता कारखाना. तिसरा आधार म्हणजे हे कसब. मळे दुसऱ्याकडे जाऊ शकतात, बाजारभाव पडू शकतो, कायदे बदलू शकतात. परंतु माणसाच्या हातातील विद्या एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात नेता येते.

तरीही एकाच कारखान्यावर उभ्या असलेल्या नगराची काळजी संपत नाही. याबाबतीत शेजारच्या बारामतीशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. कऱ्हेकाठची बारामती ही जुनी पेठ. मोरोपंतांनी तेथे राहूनच आपली काव्यरचना केली. तिथे कालव्याखालचा शेतमाल आला, रेल्वे आली, नगरपालिका आली. पुढे औद्योगिक वसाहत झाली, महाविद्यालये निघाली. एक धंदा मंदावला तरी दुसरा हात देतो. पाश्चात्त्य जगातील उदाहरण घ्यावयाचे, तर अमेरिकेतील डेट्रॉइट शहर मोटारींच्या कारखान्यांवर भरभराटीला आले. १९५० साली तेथे १८ लाखांहून अधिक लोक राहत होते. तो उद्योग ओसरू लागला, लोक बाहेर जाऊ लागले आणि २०१० साली ती संख्या सुमारे ७ लाखांवर आली. १८ लाख वस्तीसाठी बांधलेले रस्ते, दिवे आणि शाळा ७ लाखांनी चालवणे कठीण झाले. २०१३ साली त्या शहराला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

वालचंदनगरच्या आसपासही नव्या वस्त्या वाढल्या आहेत. बारामती-इंदापूर रस्त्यावर जेथून वालचंदनगरची वाट फुटते, तेथील वस्तीला 'जंक्शन' असे नाव आहे. रस्त्यावरचा प्रवासी हा तेथील दुकानदाराचा गिऱ्हाईक. तो कारखान्याच्या पगारावर अवलंबून नसतो. कालव्याखालचे शेतकरी, शाळा, छोटे कारागीर, वाहतूकदार या साऱ्यांचा हातभार लागला, तर एका खांबावर उभे असलेले छप्पर अनेक खांबांवर पेलले जाते.

पाण्याने माळरान हिरवे केले, कारखान्याने माणसे आणली आणि माणसांच्या कसबाने नगराला पडत्या काळातून वाचवले. यांतील पहिल्या दोन गोष्टी बाहेरून आणता येतात. तिसरी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते. म्हणून एखाद्या नगराचे पुढे काय होणार, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या बाजारपेठेइतकेच त्याच्या शाळांकडे आणि यंत्रशाळांकडे लक्ष द्यावे.