कार्लॉफ, बॉरिस
(२३ नोव्हेंबर १८८७–२ फेब्रुवारी १९६९). हॉलिवुडमधील ब्रिटिश चरित्र-अभिनेता. मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडन येथे. वडील हिंदुस्थानातील मीठ-महसूल खात्यात अधिकारी. १९०९ मध्ये तो कॅनडास गेला व फिरत्या नाटकमंडळ्यांत वावरला. पुढे हॉलिवुडमध्ये सु. एक तप किरकोळ भूमिका व प्रसंगी मोलमजुरी करून त्याने गुजराण केली. जेम्स व्हेल दिग्दर्शित फ्रँकेन्स्टाइन (१९३१) या बोलपटातील मानवनिर्मित राक्षसाच्या भूमिकेने तो विख्यात झाला; प्रारंभीच्या नामावलीत मात्र त्याच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हच होते. जॅक पिअर्सच्या अवजड रंगभूषेआडून, एकही शब्द न उच्चारता, त्याने त्या जीवाचे पोरकेपण प्रकट केले. त्याच्या अभिनयाचे खरे सामर्थ्य भीती उपजविण्यापेक्षा यातच आहे. चित्रपट-अभिनेत्यांच्या हक्कांसाठी १९३३ मध्ये निघालेल्या ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’ या संघटनेच्या संस्थापकांपैकी तो एक होय. ससेक्समधील मिडहर्स्ट येथे त्याचे निधन झाले.