रिचार्जचा महिना २८ दिवसांचा!

आमच्या अम्मींचा फोन साधा, बटनांचा. सकाळी मालेगावच्या खालाजानशी आणि रात्री मनमाडच्या आपाशी बोलणे, एवढाच त्याचा वापर. दिवसाला फार तर दहा मिनिटे. तरीही आम्ही कित्येक महिने त्यावर २९९ रुपयांचा, रोज दीड जीबी डेटाचा रिचार्ज मारत होतो. "अनलिमिटेड आहे, कितीही बोला," असे दुकानदार म्हणाला आणि आम्हीही पुढे काही विचारले नाही.

एके दिवशी आठवीतल्या मुलाला हिशेब करायला बसवले. २८ दिवसांत अम्मींचे बोलणे २८० मिनिटे. म्हणजे एका मिनिटाला १ रुपया ७ पैसे! २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा असा दर आला होता. तेव्हा मिनिटाला ६० पैसेच पडत. दिवसाला दोन तास बोलणाऱ्याला मात्र हाच २९९ चा रिचार्ज मिनिटाला ९ पैशांत पडतो. म्हणजे स्वस्त की महाग, हे आपल्या वापरावर ठरते.

दुसरी गोम दिवसांची. हिजरी महिनासुद्धा २९ दिवसांपेक्षा लहान नसतो, पण रिचार्जचा महिना २८ चा! त्यामुळे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. २९९ च्या हिशेबाने ३,८८७ रुपये. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवावा, असा 'ट्राय'चा नियम २०२२ पासून आहे. तो मागून घ्यावा लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने आणखी एक नियम केला: ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल व एसएमएसचा रिचार्ज द्यावा. जानेवारी २०२५ अखेर जिओचा असा प्लॅन १,७४८ रुपयांना ३३६ दिवसांचा होता, तर एअरटेलचा १,८४९ रुपयांना ३६५ दिवसांचा. पाहताच जिओ स्वस्त वाटतो. पण दिवसांनी भागले, तर जिओ रोज ५ रुपये २० पैसे आणि एअरटेल ५ रुपये ७ पैसे. १,८४९ च्या प्लॅनवर अम्मींचे मिनिट ५१ पैशांना पडते आणि वर्षाला २,०३८ रुपये वाचतात. मुलांच्या वह्या-दप्तराचा खर्च त्यातून निघावा.

मात्र एक काळजी घ्यावी. आखातातला मुलगा व्हॉट्सअॅपवरून फोन करत असेल, तर डेटा नसलेला प्लॅन घरच्यांच्या उपयोगाचा नाही. शिवाय वर्षाची रक्कम एकदम भरणे जमत नसेल, तर ८४ दिवसांचे प्लॅनही पाहावेत: जानेवारी २०२५ अखेर जिओचा ४४८ चा आणि एअरटेलचा ४६९ चा होता.

दर बदलत राहतील, पण हिशेबाची रीत तीच राहील. आधी रुपयांना दिवसांनी भागा, मग घरातल्या प्रत्येकाची रोजची मिनिटे पाहा, आणि डेटा खरोखर लागतो का ते विचारा. इस्राफ फक्त दस्तरख्वानावरच होतो असे नाही. न वापरलेला रोजचा दीड जीबी हाही इस्राफच.