मंद ताऱ्यांची धग

भट्टींतून काढलेल्या लोखंडाची लाली मावळली कीं डोळ्यांस तें थंड वाटतें. तळहात जवळ नेला म्हणजे त्याची धग कळते. मंद ताऱ्यांविषयींही डोळा असाच फसतो. १९१५ सालीं रॉबर्ट इनेस यांनीं जोहान्सबर्ग येथें शोधलेला ‘प्रॉक्सिमा सेंटॉरी’ हा सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळचा तारा. अंतर अवघें सव्वाचार प्रकाशवर्षें, तरी दुर्बिणीवांचून तो दिसत नाहीं! दृश्य प्रकाशापुरतें पाहिलें तर त्याचें तेज सूर्याच्या सुमारें वीस हजाराव्या हिश्शाएवढें भरतें. परंतु त्याचे बहुतेक किरण तांबड्या रंगापलीकडील, म्हणजे डोळ्यांस अगोचर. तेही जमेस धरले कीं हिस्सा साडेसहाशेंवा होतो. तीसपट चूक कांहीं क्षुल्लक नव्हे.

तळहाताचें काम करणारें यंत्र पेटिट व निकोल्सन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीस जोडलें. दोन धातूंच्या अतिसूक्ष्म तारांच्या सांध्यावर ताऱ्याची ऊब पडतांच किंचित् वीज वाहे. तें ठळक ताऱ्यांपुरतेंच चाले. अंधुकांसाठीं पुढें अधिक तरल साधनें आलीं.

उष्णमानाची साक्ष वर्णपट देतो. प्रॉक्सिमाच्या वर्णपटांत टिटॅनियम ऑक्साइडचे रुंद काळे पट्टे आहेत. सूर्यपृष्ठाच्या साडेपांच हजार अंशांत हे रेणू बहुतेक फुटून जातात; येथें ते टिकतात, कारण उष्णमान सुमारें २,७०० अंश सेंटिग्रेडच आहे.