महानगरीय ट्रायथलॉन आणि ग्रामीण हौशी स्पर्धक : ढोकी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि कुर्डुवाडी-लातूर रेल्वेमार्गावरील स्थानक यांमुळे ते सर्वपरिचित आहे. प्राचीन तगर, म्हणजेच आजचे तेर, येथून जवळ आहे. हा सारा परिसर अवर्षणप्रवण. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरकरांसाठी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन गेलेली पहिली रेल्वेगाडी याच मार्गाने गेली. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागते, तेथील तरुणाने पाण्यातच आरंभ होणाऱ्या स्पर्धेत उतरावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन क्रियांपैकी शेवटच्या दोन मराठवाड्यातील ग्रामीण तरुणाच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. उणीव आहे ती पहिल्या क्रियेची. ही उणीव नेमकी कोणत्या स्वरूपाची आहे आणि ती कशी भरून काढता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१) ट्रायथलॉन या क्रीडाप्रकाराचा उगम व स्वरूप स्पष्ट करणे.
२) महानगरातील स्पर्धेत हौशी स्पर्धकासमोर येणाऱ्या शारीरिक व तांत्रिक आव्हानांचे विवेचन करणे.
३) ढोकीसारख्या परिसरातील स्पर्धकाची बलस्थाने व मर्यादा तपासून महाविद्यालयांच्या भूमिकेचा विचार करणे.

१. उगम व विकास :

आधुनिक ट्रायथलॉनचा प्रारंभ २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील मिशन बे परिसरात झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथील धावपटूंच्या क्लबने भरविलेल्या या स्पर्धेत ४६ जण सहभागी झाले होते. हे सारे हौशी खेळाडू होते, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी पहिली 'आयर्नमॅन' स्पर्धा झाली. १५ जणांनी आरंभ केला व १२ जणांनी ती पूर्ण केली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

स्पर्धेची अंतरे निरनिराळी असतात. ऑलिंपिक प्रकारात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे असते. स्प्रिंट प्रकारात ही तिन्ही अंतरे निम्मी होतात. 'आयर्नमॅन ७०.३' या अर्ध-अंतराच्या स्पर्धेत अनुक्रमे १.९, ९० व २१.१ किलोमीटर अंतर पार करावे लागते. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ही स्पर्धा प्रथम ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली आणि महासाथीच्या खंडानंतर २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातील अनेक हौशी स्पर्धकांना परदेशी न जाता अशा स्पर्धेचा अनुभव घेण्याची संधी त्यामुळे मिळाली.

शिकागो व लंडन येथील स्पर्धा मोठ्या शहरांतील हौशी ट्रायथलॉनची ठळक उदाहरणे होत. शिकागोची स्पर्धा १९८३ पासूनची आहे. तिच्यातील पोहणे मिशिगन सरोवरात होते, तर लंडनच्या स्पर्धेसाठी जुन्या गोदीचे पाणी वापरले गेले. शहराचे पाणी हा मात्र नेहमीच चिंतेचा विषय राहिला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेन नदीचे पाणी दूषित असल्याने पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैऐवजी ३१ जुलै रोजी घ्यावी लागली. पाण्याचा प्रश्न केवळ अवर्षणप्रवण प्रदेशापुरता मर्यादित नाही, हे यावरून ध्यानात येते.

२. अंतर अल्प, परीक्षा मोठी :

ऑलिंपिक प्रकाराचे एकूण अंतर ५१.५ किलोमीटर. त्यात पोहण्याचा वाटा जेमतेम ३ टक्के भरतो. मात्र वेळेच्या दृष्टीने चित्र पालटते. एखाद्या नवख्या स्पर्धकाने पोहण्यास ४० मिनिटे, सायकलला १०० मिनिटे, धावण्यास ६५ मिनिटे व मधल्या बदलांना १० मिनिटे घेतली, असे उदाहरणादाखल मानल्यास एकूण २१५ मिनिटांपैकी सुमारे १९ टक्के वेळ पाण्यात जातो. शिवाय पोहण्यासाठी स्वतंत्र कालमर्यादा असते. ७०.३ प्रकारात ती सामान्यतः १ तास १० मिनिटे, तर संपूर्ण स्पर्धेसाठी सुमारे साडेआठ तास असते. पाण्यातून वेळेत बाहेर न पडलेल्या स्पर्धकाला पुढे जाऊ दिले जात नाही. सायकल व धावणे यांची त्याची तयारी कितीही उत्तम असली तरी ती सिद्ध करण्याची संधीच त्याला मिळत नाही. अभिनेते व पोहण्यातील माजी राष्ट्रीय विजेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिक येथे पूर्ण अंतराची आयर्नमॅन स्पर्धा वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण केली. पाण्याशी असलेले त्यांचे जुने नाते या संदर्भात लक्षणीय ठरते.

पोहण्याला इतके महत्त्व येण्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. त्यामुळे पाण्यात बळापेक्षा शरीराची स्थिती निर्णायक ठरते. पाय खाली गेले की विरोध वाढतो आणि बलवान माणूसही लवकर थकतो. शिवाय धावताना श्वास हवा तेव्हा घेता येतो. पोहताना तो हाताच्या लयीनुसार, मान बाजूला वळवून ठरावीक क्षणीच घ्यावा लागतो. ही लय सरावानेच साधते.

३. विहिरीतील पोहणे व स्पर्धेतील पोहणे :

ढोकी परिसरात पोहण्याची परंपरा नव्हती असे नाही. ऊसपट्ट्यातील विहिरींत मुले पिढ्यान्‌पिढ्या पोहायला शिकली. कमरेला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा रिकामा डबा बांधायचा, थोरल्या भावाने वा चुलत्याने वरून ढकलायचे आणि पाचसहा दिवसांत तो आधार सोडायचा, ही पद्धती सर्वश्रुत आहे. तिने खोल पाण्याची भीती घालविली आणि सूर मारण्याचे धाडस दिले.

तथापि या शिक्षणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत १.५ किलोमीटर अंतर पूर्ण करण्यासाठी सुमारे १८८ वेळा काठ गाठावा लागेल. २५ मीटरच्या तलावात हेच अंतर ६० फेऱ्यांत पूर्ण होते. दर चार-सहा हातांनी काठ धरणाऱ्या पोहणाऱ्याला सलग लय व श्वासाचे नियमन यांची सवय लागत नाही. विहिरीत डोके पाण्याबाहेर ठेवून पोहण्याचीच रीत असल्याने पाय खाली राहतात. मुलींच्या वाट्याला तर विहिरीतील पोहणे क्वचितच आले. अलीकडे भूजल खोल गेले, उघड्या विहिरींची जागा विंधन विहिरींनी घेतली आणि जी काही परंपरा होती तीही क्षीण झाली. आजच्या अनेक तरुणांना विहिरीतले पोहणेही येत नाही. ही केवळ क्रीडाविषयक हानी नव्हे. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्युमुखी पडतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांतून दिसते.

४. सायकल, धावणे व हवामान :

मराठवाड्याची धावण्यातील क्षमता वादातीत आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य व हांगझोऊ आशियाई स्पर्धेत (२०२३) सुवर्णपदक मिळविले. धाराशिव जिल्ह्याची ओळख खो-खोने घडविली. येथील सारिका काळे हिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु खो-खोतील चपळाई ही अल्पकालीन, स्फोटक शक्तीवर आधारलेली असते. ट्रायथलॉनमध्ये तासन्‌तास मंद गतीने ऊर्जा पुरवणारी प्राणवायूयुक्त क्षमता लागते. म्हणून मैदानावर तरबेज असलेल्या खेळाडूनेही तयारी मूलभूत पातळीवरून सुरू करणे इष्ट ठरते.

सायकलवरून उतरून धावू लागताच पाय जड पडतात, हा प्रत्येक नवख्या स्पर्धकाचा अनुभव असतो. पायांचे स्नायू बराच वेळ वर्तुळाकार गतीत काम करीत राहिल्यानंतर त्यांना अचानक शरीराचा भार पेलावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा सायकल चालवून लगेच दहा-पंधरा मिनिटे धावणे. ढोकी-तेर रस्त्यावर पहाटेच्या वेळी हा सराव सहज शक्य आहे. मात्र गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असल्याने दिवा व हेल्मेट यांत हयगय करू नये.

हवामानाबाबत एक गैरसमज आढळतो. चाळीस अंशांचे ऊन सोसणाऱ्याला किनारपट्टीवरील तीस-बत्तीस अंशांचे काय, असे मानले जाते. वस्तुतः कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो व शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसताच वाहतो. त्यामुळे कमी तापमानातही शरीर अधिक तापते. स्पर्धेच्या ठिकाणी काही दिवस आधी पोहोचणे आणि आरंभीचा वेग मुद्दाम कमी ठेवणे हितावह असते. केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटू शकते. म्हणून मीठ-साखरेचे पाणी, केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की यांसारख्या परिचित पदार्थांचा उपयोग सरावातच पडताळून पाहावा. स्पर्धेच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ घेऊ नये.

५. नियम व सुरक्षितता :

पोहून आल्यावर सायकलीला हात लावण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधणे सक्तीचे असते. हौशी गटात पुढच्या सायकलस्वाराच्या मागे राहून वाऱ्याचा विरोध टाळण्यास सहसा मनाई असते. ७०.३ स्पर्धेत हे अंतर १२ मीटर राखावे लागते. बाहेरच्या व्यक्तीची मदत घेता येत नसल्याने पंक्चर काढण्याचे कौशल्यही स्वतःपाशी असावे लागते.

सर्वाधिक दक्षता मात्र पाण्यातच घ्यावी लागते. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांच्या १९८५ ते २०१६ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू व हृदय बंद पडण्याच्या मिळून १३५ घटनांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. एकूण प्रमाण एक लाख सहभागींमागे १.७४ इतके, म्हणजे अल्प होते. मात्र बळी पडलेल्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष होते आणि त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. गर्दी, उत्तेजना व लपलेला हृदयविकार ही संभाव्य कारणे मानली जातात. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांनी नावनोंदणीपूर्वी हृदयतपासणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. तेरणा मध्यम प्रकल्पासारख्या जलाशयात गाळ, पाणवनस्पती व अकस्मात वाढणारी खोली यांचा धोका असतो. अशा ठिकाणी आवश्यक परवानगी, जीवरक्षक व सोबती यांवाचून सराव करणे सर्वथा अयोग्य होय.

६. महाविद्यालयांची भूमिका :

प्रत्येक महाविद्यालयाने तलाव बांधावा ही अपेक्षा अवास्तव आहे. टंचाईग्रस्त भागात तर ती सयुक्तिकही ठरणार नाही. परंतु पुढील बाबी शक्य आहेत.

अ) आरंभी धावणे-सायकल-धावणे अशा ड्युएथलॉनचे आयोजन करावे. त्याला पाणी लागत नाही व उर्वरित दोन क्रीडाप्रकारांची पायाभरणी होते.
आ) परिसरातील तीन-चार महाविद्यालयांनी एकत्र येऊन नजीकच्या शहरातील तलावावर सुट्टीत तीन ते चार आठवड्यांचे जलतरण वर्ग घ्यावेत. त्यात विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वेळ व महिला प्रशिक्षक असावी.
इ) शरीराची स्थिती, श्वासाची लय व सलग अंतर या क्रमाने शिकवावे. सलग ७५० मीटर पोहता आल्यावरच स्प्रिंट स्पर्धेत नाव नोंदवावे.
ई) बुडणाऱ्यास वाचविण्याचे व प्रथमोपचाराचे शिक्षण याच वर्गात द्यावे.

विद्यार्थिनींचा उल्लेख येथे हेतुतः केला आहे. २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनमधील सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके महाराष्ट्राच्या डॉली पाटील व मानसी मोहिते यांनी मिळविली. संधी व पाणी उपलब्ध झाल्यास राज्यातील मुली कोठवर पोहोचू शकतात, याचा हा पुरावा आहे.

समारोप :

महानगरातील ट्रायथलॉन हौशी स्पर्धकाकडून विजयाची नव्हे, तर पूर्णतेची अपेक्षा करते. ढोकीच्या तरुणापाशी त्यासाठी लागणारी चिकाटी आहे, रस्ते आहेत, उन्हाची सवय आहे. उणीव आहे ती सलग पोहण्याच्या शिक्षणाची, आणि ती उणीव शरीराची नसून सोयीची आहे. विहिरींनी जे शिक्षण एकेकाळी विनामूल्य दिले, ते विहिरी आटल्यावर कोणी द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शिक्षणसंस्थांना शोधावे लागेल. त्या वर्गातून तयार होणाऱ्या शंभरांपैकी एखादाच मिरामारच्या किनाऱ्यावर स्पर्धक म्हणून उभा राहील. उरलेल्या नव्याण्णवांना पोहता येईल आणि बुडणाऱ्याला हात देता येईल, हे फलित कोणत्याही पदकाहून कमी मोलाचे नाही.