दुसरा माइक

वॉशिंग्टन शहरात कनेक्टिकट अव्हेन्यूवर, ५०१५ क्रमांकाच्या जागेत ‘पॉलिटिक्स अँड प्रोज’ नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. संध्याकाळी तिथे दोन माइक चालू होतात. एक लेखकापुढे असतो, दुसरा श्रोत्यांमधल्या वाटेत स्टँडवर. लेखक वीस-पंचवीस मिनिटं बोलतो, वाटलं तर पुस्तकातला एखादा उतारा वाचून दाखवतो, आणि मग दुसऱ्या माइकपाशी रांग लागते. रांगेत कोण उभं असेल याचा लेखकाला अंदाज नसतो. कॉलेजची मुलगी असेल, परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी असेल. ज्या सरकारी समितीवर लेखकाने दोन प्रकरणं खर्च केली, त्याच समितीवर बसलेला माणूसही असेल. वॉशिंग्टन हे तशा माणसांचंच शहर आहे. तिथे पुस्तकातली चूक परीक्षणात सापडायच्या आधी त्या रांगेत सापडू शकते.

या दुकानाची ख्याती पुस्तकांच्या निवडीमुळे आहेच, पण त्याहून जास्त या संध्याकाळींमुळे आहे. जवळजवळ रोज एक कार्यक्रम, शनिवार-रविवारी दोन-तीनही. प्रवेश फुकट. कपाटांमधल्या मोकळ्या जागेत घडीच्या खुर्च्या मांडायच्या. त्या भरल्या की मागच्यांनी कपाटांना टेकून उभं राहायचं. कार्यक्रम संपला की दुकानातला माणूस माइकवरून विनंती करतो: आपापली खुर्ची घडी करून बाजूला ठेवा. आणि लोक ठेवतात. माजी मंत्री असला तरी तोही ठेवतो, कारण शेजारचा ठेवत असतो.

कार्ला कोहेन यांनी हे दुकान १९८४ साली काढलं. बाल्टिमोरमध्ये वाढलेल्या कोहेनबाई नगररचनेच्या क्षेत्रातल्या. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात त्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात होत्या. १९८० च्या निवडणुकीत रीगन आले आणि अशा अनेकांप्रमाणे त्यांचंही सरकारी काम संपलं. पुस्तकविक्रीचा अनुभव त्यांना नव्हता. म्हणून त्यांनी व्यवस्थापक हवा अशी जाहिरात दिली. ती वाचून बार्बरा मीड आल्या. त्यांनी आधी पुस्तकाचं दुकान चालवलेलं होतं. थोड्याच काळात मालकीण आणि व्यवस्थापक हे नातं जाऊन दोघी भागीदार झाल्या. कोहेनबाई बोलक्या, ठाम मतांच्या; मीडबाई शांत आणि हिशेबात पक्क्या, असं त्यांना ओळखणारे सांगत. पुढची पंचवीसेक वर्षं या जोडीने दुकान चालवलं.

तेव्हा अमेरिकेत लेखकाला दुकानात बोलवायचं म्हणजे बहुतेक वेळा टेबलामागे बसवून सह्या घ्यायच्या. नवं, छोटं, मुख्य बाजारपेठेपासून दूर असलेलं दुकान असेल, तर न्यूयॉर्कचे प्रकाशक आपला नामवंत लेखक तिथे कशाला पाठवतील? पण शहरात लेखकांची वाण नव्हती. वर्तमानपत्रांचे बातमीदार, संशोधन संस्थांमधले अभ्यासक, सरकारात राहून बाहेर पडलेले लोक असे पुस्तकं लिहिणारे आसपासच राहत होते. विमानाचं भाडं नाही, हॉटेलचा खर्च नाही. दुकानाने त्यांना बोलावलं. ते आपले मित्र, सहकारी आणि विरोधक घेऊन आले. हळूहळू न्यूयॉर्कच्या प्रकाशकांच्याही लक्षात आलं, की राजकारण, इतिहास, युद्ध, परराष्ट्र धोरण यांवरचं पुस्तक असेल तर या दुकानातली संध्याकाळ चुकवून चालणार नाही.

१९८९ मध्ये दुकान रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या जागेत गेलं. तेव्हा पुस्तकं हलवायला गिऱ्हाईकंच धावून आली. एव्हाना ते शेजाऱ्यांना आपलं दुकान वाटू लागलं होतं. पुढे तळघरात कॉफीची जागा झाली, मुलांच्या पुस्तकांचा विभाग वाढला. वाचकगट, लेखनाचे आणि साहित्याचे वर्गही सुरू झाले.

लेखकाने दुकानात येऊन वाचायचं, ही कल्पना अर्थात वॉशिंग्टनची नाही. ७ डिसेंबर १९२१ रोजी पॅरिसमध्ये आद्रिएन मोनिए यांच्या पुस्तकांच्या दुकानात व्हालेरी लार्बो यांनी जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’वर व्याख्यान दिलं. कादंबरी तेव्हा छापूनही झाली नव्हती, तरी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खुद्द जॉइस मागच्या बाजूला आडोशाला बसले होते. ती कादंबरी दोन महिन्यांनी प्रसिद्ध केली समोरच्याच दुकानाने, म्हणजे सिल्व्हिया बीच यांच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ने. मंदीच्या काळात बीचबाईंचं दुकान बंद पडायच्या बेतात आलं, तेव्हा आंद्रे जीद यांनी पुढाकार घेऊन दुकानाच्या मित्रांचं मंडळ काढलं. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी लेखकांनी दुकानात येऊन वाचायचं असं ठरलं. जीद आणि पॉल व्हालेरी यांनी वाचलं, १९३६ मध्ये टी. एस. एलियट लंडनहून आले, १९३७ मध्ये हेमिंग्वे आणि स्टीफन स्पेंडर यांनी एकत्र वाचलं. दुकान तगलं आणि १९४१ मध्ये जर्मन अंमलात बंद होईपर्यंत चाललं.

म्हणजे लेखकाचं वाचन हा दुकानाचा शोभेचा भाग नव्हता. दुकान जगवण्याचा तो उपाय होता. पॉलिटिक्स अँड प्रोजची गोष्ट याच अंगाने पाहायला हवी, कारण तिच्याकडे नुसतं ‘संस्कृतीची सेवा’ म्हणून पाहणाऱ्यांना त्यातला व्यापार दिसत नाही.

तो व्यापार असा. अमेरिकेत नव्या, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाची किंमत तीस डॉलरच्या आसपास असते आणि तिच्यातला चाळीस ते पंचेचाळीस टक्के वाटा दुकानाला राहतो. समजा पन्नास माणसं आली आणि वीस प्रती खपल्या. सहाशे डॉलरची विक्री झाली, दुकानाच्या हाती अडीचशेच्या घरात आले. त्यातून खुर्च्या लावणाऱ्याचा, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचा, गल्ल्यावरच्या माणसाचा आणि आधी पुस्तक वाचून लेखकाची ओळख करून देणाऱ्याचा पगार निघायला हवा. वीज आणि भाडं वेगळंच. लेखकाला मानधन नसतं, प्रवासखर्च प्रकाशक करतो आणि न खपलेल्या प्रती परत करता येतात, म्हणून हा आतबट्ट्याचा व्यवहार होत नाही, एवढंच. पण रात्रीच्या गल्ल्याकडे पाहिलं तर कुठलाही शहाणा वाणी म्हणेल, की एवढ्यासाठी रोज हा खटाटोप कशाला?

खटाटोपाचं फळ त्या रात्री मिळत नाही. आज भाषण ऐकायला आलेला माणूस महिन्याने नातवाच्या वाढदिवसाचं पुस्तक घ्यायला येतो. दुकानाचं सभासदत्व घेतो, वर्गाला नाव नोंदवतो. प्रकाशक पुढच्या हंगामात लेखक पाठवताना याच दुकानाला आधी विचारतो. १९९८ मध्ये ‘सी-स्पॅन टू’ वाहिनीने शनिवार-रविवार फक्त पुस्तकांना वाहिलेला ‘बुक टीव्ही’ सुरू केला आणि त्याचा कॅमेरा या दुकानात वारंवार येऊ लागला. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वाचकालाही ही कपाटं आणि तो वाटेतला माइक ओळखीचा झाला. जाहिरातीवर एवढा खर्च या दुकानाला कधी परवडलाच नसता.

आजूबाजूला मात्र पडझड चालू होती. वॉशिंग्टन परिसरातच जन्मलेली ‘क्राउन बुक्स’ ही सवलतीची साखळी भराला आली आणि दिवाळखोरीत गेली. ‘बॉर्डर्स’ची भली मोठी दुकानं आली आणि २०११ मध्ये सगळी बंद झाली. ‘ऑल्सन्स’ हे शहरातलं जुनं, स्वतंत्र, लोकांच्या प्रेमाचं नाव २००८ मध्ये संपलं. ॲमेझॉनने शहराच्याच जॉर्जटाउन भागात विटा-मातीचं पुस्तकांचं दुकान थाटलं आणि २०२२ मध्ये आपली अशी सगळी दुकानं गुंडाळली. कनेक्टिकट अव्हेन्यूवरचं दुकान टिकलं. त्याचं श्रेय सगळं कार्यक्रमांना देणं बरोबर नाही. सभोवतालची वस्ती सुशिक्षित आणि खिशात पैसे असलेली आहे, हेही तितकंच खरं. पण तशी वस्ती जॉर्जटाउनलाही आहे.

२०१० च्या उन्हाळ्यात कोहेनबाई गंभीर आजारी पडल्या आणि दोघींनी दुकान विकायला काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ७४ व्या वर्षी कोहेनबाई गेल्या. पुस्तकांची दुकानं पटापट मिटत होती तो हा काळ. तरी हे घ्यायला इच्छुकांची रांग लागली. २०११ मध्ये ते ब्रॅडली ग्रॅहम आणि लिसा मस्कॅटिन या दांपत्याने घेतलं. दोघेही ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे जुने बातमीदार. ग्रॅहम यांनी संरक्षणमंत्री डोनल्ड रम्सफेल्ड यांचं चरित्र लिहिलेलं, तर मस्कॅटिन हिलरी क्लिंटन यांच्या भाषणलेखिका. नव्या मालकांनी शहरात आणखी दोन शाखा काढल्या, एक नदीकाठी व्हार्फवर आणि दुसरी युनियन मार्केटमध्ये. गर्दी खेचणाऱ्या लेखकांचे कार्यक्रम ‘सिक्स्थ अँड आय’ या जुन्या सिनेगॉगसारख्या मोठ्या जागी होऊ लागले. तिथे तिकीट असतं आणि तिकिटात बहुधा पुस्तकाची किंमत धरलेली असते. २०१३ आणि २०१४ मध्ये नोव्हेंबर अखेरच्या ‘छोट्या दुकानांच्या शनिवारी’ राष्ट्राध्यक्ष ओबामा मुलींना घेऊन इथेच पुस्तकं घ्यायला आले होते.

दुकानाचा कल उदारमतवाद्यांकडे आहे, ही टीका जुनी आहे आणि ती निराधार नाही. ज्या शहरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांहून जास्त मतं एकाच पक्षाला पडतात, तिथल्या श्रोत्यांत दुसरं काय दिसणार? पण सगळ्यांसाठी दार उघडं ठेवण्याची किंमत या दुकानाने मोजलेली आहे. २०१६ मध्ये दुकानांच्या याच रांगेतल्या ‘कॉमेट पिंग पाँग’ या पिझ्झाच्या उपाहारगृहाविषयी इंटरनेटवर एक भयंकर आणि धादांत खोटी कहाणी पसरली. धमक्या उपाहारगृहापुरत्या थांबल्या नाहीत, शेजारच्या दुकानांनाही आल्या आणि त्यांत हे पुस्तकांचं दुकानही होतं. ४ डिसेंबरला एक माणूस रायफल घेऊन उपाहारगृहात शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

दुसरा प्रसंग थेट दुकानातला. २७ एप्रिल २०१९, शनिवार. योगायोगाने तो देशभर ‘स्वतंत्र पुस्तक-दुकान दिन’ म्हणून साजरा होत होता. मनोविकारतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ जोनाथन मेट्झल आपल्या नव्या पुस्तकाविषयी बोलत होते. वंशद्वेषातून पाठिंबा मिळालेली धोरणं अखेर गोऱ्या अमेरिकनांच्याच आरोग्यावर कशी उलटतात, हा त्यांचा विषय. बंदुकांचे कायदे, आरोग्यविमा आणि शाळांचा निधी यांच्या आधारे त्यांनी तो मांडला आहे. श्रोत्यांत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. नाझी राजवटीत ऑस्ट्रियातून निसटायला त्यांनी मेट्झल यांच्या वडिलांना आणि आजोबांना मदत केली होती, असं मेट्झल सांगत असतानाच गौरवर्णवर्चस्ववाद्यांची एक टोळी कर्णा घेऊन आत शिरली आणि ओळीने उभी राहून घोषणा देऊ लागली. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. टोळी निघून गेली. मेट्झल यांनी भाषण पुढे चालू केलं.

या प्रसंगाची चित्रफीत लाखोंनी पाहिली. तिच्यात न दिसणारी गोष्ट अशी, की घोषणा देणाऱ्यांनी प्रश्न मात्र विचारला नाही. ती सोय त्यांनाही होती. वाटेतला माइक तिथेच होता.

२०२० मध्ये साथीमुळे दार बंद झालं तेव्हा कार्यक्रम काही दिवसांत पडद्यावर आले. त्यामुळे दुसऱ्या खंडातला लेखकही आपल्या घरातून बोलू लागला आणि श्रोत्यांवरची जागेची मर्यादा गेली. पण प्रश्न आता टाइप करून पाठवायचे होते, त्यांतले कोणते घ्यायचे हे सूत्रसंचालक ठरवत होता. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला टाळता येत नाही, टाइप केलेल्या प्रश्नाला येतं. माझ्या मते दुकानाने नंतर खुर्च्या पुन्हा मांडल्या त्याचं हेच पुरेसं कारण आहे.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. कोहेन-मीड यांच्या आठवणींत रमणारे लेख ती सहसा सांगत नाहीत. दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी कामगार संघटना उभारली आणि २०२२ च्या जानेवारीत मालकांनी तिला मान्यता दिली. लोकशाहीवरची पुस्तकं विकणाऱ्या या दुकानाचे मालक मान्यता देण्याआधी संघटनेच्या प्रश्नावर वकिलांच्या मोठ्या कंपनीकडे गेले होते, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ती रास्तच होती. रोजच्या रोज कार्यक्रम करायचे तर रात्री उशिरापर्यंत थांबणारी, पुस्तकं वाचून आलेली, लेखकाचं नाव नीट उच्चारणारी माणसं लागतात आणि अशी माणसं तुटपुंज्या पगारावर किती वर्षं टिकतील?

आपल्याकडच्या प्रकाशन समारंभाची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे काही गोष्टी चुकल्यासारख्या वाटतील. अध्यक्ष नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, आभारप्रदर्शनही नाही. ओळख दोन मिनिटांत उरकते आणि निम्मा वेळ श्रोत्यांचा असतो.

मेरीलँड-व्हर्जिनियात मुला-मुलींकडे राहायला जाणारे मराठी आईवडील आता पुष्कळ आहेत. स्मारकं आणि संग्रहालयं पाहून झाली की एक संध्याकाळ इथे घालवावी. व्हॅन नेस मेट्रो स्थानकापासून कनेक्टिकट अव्हेन्यूने उत्तरेला मैलभर चालावं लागतं. आज कोण बोलणार आहे ते आधी पाहून ठेवावं, लेखक नावाजलेला असेल तर अर्धा-पाऊण तास आधी पोचावं आणि प्रश्न असेल तर लाजू नये. रांग सगळ्यांसाठी आहे.